म्हैसूर एका दिवसात: टूर बस बरी की गाडी?

राजवाडा, चामुंडी टेकडी, प्राणिसंग्रहालय आणि संध्याकाळी वृंदावन गार्डन. म्हैसूरला एकच दिवस हाताशी असला की यादी बहुधा हीच होते. प्रश्न उरतो तो गाइडवाल्या टूर बसने जायचं, की दिवसभरासाठी गाडी ठरवायची. मी दोन्ही केलंय.

एकट्यादुकट्याला बस स्वस्त पडते, यात वाद नाही. गाइड चांगला निघाला तर राजवाडाही नुसता झगमगाट राहत नाही. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये जळाला आणि आजचा १९१२ मध्ये पुरा झाला, हे ऐकल्यावर दरबारातले ओतीव लोखंडी खांब वेगळे दिसू लागतात. शिवाय वृंदावनची कारंजी बघून रात्री शहरात परतायची चिंता नसते.

मला नडलं ते एम्पोरियम. रेशीम, चंदन, अगरबत्ती. छापील कार्यक्रमात नसलेला हा थांबा भर दुपारी उगवतो. ‘फक्त वीस मिनिटं’ म्हणता म्हणता तास जातो, कारण निम्मी बस साड्या उलगडून बसलेली आणि निम्मी बाहेर ताटकळत. हा तास कुठून तरी कापला जाणारच. आमचा जगनमोहन राजवाड्यातून कापला गेला. तिथल्या कलादालनात आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र आहे: दिव्याची ज्योत तळहाताआड जपणारी तरुणी, बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड. कित्येक जण ते रविवर्म्याचं समजतात. त्यासमोर मिळाली जेमतेम काही मिनिटं, आणि पैठणीच्या मुलखातून आलेल्यांना रेशीम दाखवायला तास! (दालन उघडं आहे का, ते मात्र आधी विचारून घ्या.)

गाडीवालेही दुकानाकडे वळवू पाहतात. पण त्यांना नको म्हणता येतं. प्राणिसंग्रहालय १८९२ पासूनचं, झाडीतलं आणि ऐसपैस. तिथे मुलं असतील तर घड्याळ नकोच. मंगळवारी ते बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

गाडी असली तर सकाळी रंगनथिट्टूही जमतं. पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या आग्रहाने १९४० मध्ये पक्षी अभयारण्य झालेली कावेरीतली ही बेटं. होडीतून चित्रबलाक दिसतात, खडकांवर मगरी पहुडलेल्या असतात. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की होड्या बंद, म्हणून थंडीत किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला जावं.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी राजवाड्यावर रोषणाई असते, नेमकी कारंज्यांच्याच सुमारास. बस वृंदावनलाच नेणार. गाडीत निवड तुमची. मी राजवाडा निवडेन.

ज्येष्ठ मंडळींना जमाव आणि गप्पा आवडत असतील, तर बसही वाईट नाही. गाडी घेतलीत तर राजवाड्याच्या दाराशी अधिकृत गाइड घ्या, आणि ‘दुकान नको’ हे ड्रायव्हरला भाडं ठरवतानाच सांगा.