स्पोर्ट्स पॅनल घेतलं, सुई छान टोचली, रिपोर्टने घाबरवलं (३ स्टार)

मुलगी १७ ची, रोज संध्याकाळी इंदूरच्या रेसकोर्स रोडला बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर असते. कोच सर म्हणाले सीके आणि एलडीएच (स्नायूंतली दोन एन्झाइम, रक्तात किती आलीत ते बघायच्या टेस्ट) करून घ्या, तर मी पलासियाकडच्या एका लॅबचं पॅनल बुक केलं, घरी येऊन सॅम्पल नेतात ते. नाव लिहीत नाही कारण लॅबच्या मॅडमनी नंतर ऐकून घेतलं आणि टेस्ट फुकट परत करून दिली.

साडेसातचा टाइम, "आंटी, बस पाच मिनट" करत करत सॅम्पल घेणारा मुलगा नऊला आला. तोवर पोरगी उपाशी, समोर जीरावन घातलेले पोहे निवतायत, आणि नंतर कळलं या टेस्टना उपाशी राहायची गरजच नसते! हात मात्र हलका, एका टोचण्यात काम. पण ट्यूब गेली स्कूटरच्या डिक्कीत, मे महिना, आणि त्याची अजून चार घरं बाकी.

संध्याकाळी रिपोर्ट. सीके ७४०, एलडीएच वर, एसजीओटी (लिव्हरच्या टेस्टमधे बघतात ते एन्झाइम) वर, सगळं ठळक अक्षरात. सासूबाई लगेच, "अगं, लिव्हर बिघडलं का पोरीचं?"

आता झालं होतं असं की दोनच दिवस आधी सरांनी सुसाइड धावा (कोर्टच्या एकेका लाइनपर्यंत जोरात पळत जाऊन परत यायचं) आणि बॉक्स जंप करून घेतले होते, पोरगी कठडा धरून आडवी आडवी जिना उतरत होती. मग सीके वाढणारच ना! स्फोटक धाव किंवा उडी, पहिली दहाएक सेकंदं, तिथे क्रिएटिन फॉस्फेटमधून झटपट ऊर्जा काढून देतं ते हेच एन्झाइम, आणि त्यापुढे जोर लावत राहिलात की पायरुव्हेटचं लॅक्टेट करायचं काम एलडीएचचं. बास्केटबॉल म्हणजे सगळं तेच, २८ मीटरचं कोर्ट, पळा, गचकन थांबा, उडी मारा, २४ सेकंदांत शॉट. उडीवरून खाली येताना आणि ब्रेक मारताना स्नायू ताणले जातात, बारीक बारीक फाटतात, आणि सीके रक्तात झिरपतं, एक ते तीन दिवसांत सगळ्यात वर. एसजीओटीसुद्धा स्नायूत असतंच, आणि लिव्हरवालं एसजीपीटी हिचं नॉर्मल होतं. पण लॅबच्या फॉर्मवर व्यायामाचा रकानाच नाही! वर रेंज छापली पुरुषांची, बायकांचं सीके मुळातच कमी असतं.

एलडीएचची गंमत वेगळीच. तांबड्या पेशींत ते ठासून भरलेलं असतं, पेशी ट्यूबमधेच फुटल्या तर आकडा उगाच चढतो. मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं की सॅम्पल खराब झाल्याचा शेरा आहे, बघितलं तर खरंच होता, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. वर ठळक आकडा आणि शेरा तळाला, ही कुठली पद्धत?

सहा दिवस जड प्रॅक्टिस बंद ठेवून परत दिलं, सीके १३८, एलडीएच नॉर्मल. सर खुश, म्हणे आता हिचा नेहमीचा आकडा हातात आला, त्याशिवाय पुढच्या कॅम्पातला वाढलेला आकडा वाचणार कसा.

बुक करणार असाल तर शेवटची जोरदार प्रॅक्टिस कधी झाली ते स्वतःहून लिहून द्या, कोणी विचारणार नाही. आणि पहिल्या नंबरचा हट्ट धरू नका, राउंडमधलं शेवटचं घर मागा, म्हणजे ट्यूब तिथून थेट लॅबला जाते, अख्खं इंदूर फिरत बसत नाही.