नवी विजेवरची गाडी: मोजकी बॅटरी की मोठी बॅटरी, पैसे कशासाठी मोजावेत?

विजेवरची गाडी घ्यायची हे घरात एकदा पक्के झाले की खरी ओढाताण सुरू होते ती व्हेरिएंटवरून. गाड्यांची नावे दोन-चार दिवसांत बाजूला पडतात आणि शेवटी हातात एकच प्रश्न उरतो: मोजक्या बॅटरीवर भागवावे, की हप्ता थोडा वाढवून मोठ्या बॅटरीची गाडी घ्यावी? मी स्वतः या प्रश्नापाशी जवळजवळ दोन महिने अडलो होतो. अखेरीस मी ४५ युनिटांची, म्हणजे ४५ किलोवॅट-तासांची गाडी घेतली आणि गेली दोन वर्षे तीच चालवतो आहे. त्यामुळे पुढचे सगळे वाचताना माझा कल कुठे आहे हे वाचकांनी आधीच गृहीत धरलेले बरे.

दुसऱ्या बाजूचा माझा अनुभव मात्र अगदीच ऐकीव नाही. माझ्या थोरल्या बंधूंकडे त्याच आकाराची, दुसऱ्या कंपनीची ६० युनिटांची गाडी आहे. मी निर्णयाच्या घोळात असतानाच ते सहा आठवड्यांसाठी परगावी गेले आणि गाडी नुसती उभी राहू नये म्हणून किल्ली माझ्याकडे देऊन गेले. ती गाडी मी घेऊ पाहत असलेल्या गाडीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने महाग होती. सहा आठवडे हा काही शास्त्रीय चाचणीचा काळ नव्हे, पण शोरूममधून मारलेल्या पंधरा मिनिटांच्या फेरीपेक्षा तो नक्कीच अधिक बोलका असतो.

दोन्ही गाड्यांतला फरक केवळ युनिटांचा नाही, बॅटरीच्या रसायनाचाही आहे. मोजक्या बॅटरीच्या गाड्यांत आता बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारची बॅटरी येते, तर लांब पल्ल्याच्या महाग गाड्यांत अजूनही अनेकदा निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असलेली एनएमसी. एलएफपी म्हणजे काटकसर करून दिलेला दुय्यम माल, असा समज माझाही होता. २०२० मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने आपली ब्लेड बॅटरी याच रसायनावर आणली आणि २०२१ मध्ये टेस्लाने आपल्या स्टँडर्ड रेंज गाड्यांसाठी जगभर हेच रसायन वापरण्याचे जाहीर केले, हे वाचल्यावर तो समज बराच निवळला. तेवढ्याच वजनात एलएफपीमध्ये ऊर्जा कमी मावते हे खरे. पण तिची चार्ज-डिस्चार्जची आवर्तने जास्त होतात आणि तिला निकेल किंवा कोबाल्ट लागत नाही. एलएफपीत ऊर्जा कमी मावते, याच कारणाने या दोन गाड्यांच्या वजनांत, युनिटांच्या फरकावरून वाटते तेवढी तफावत नव्हती.

खर्चाचा आकडा ठरवण्याआधी मी एक गोष्ट केली, आणि ती प्रत्येकाने करावी असे मला वाटते: जुन्या गाडीचा किलोमीटरचा आकडा महिनाभर रोज रात्री लिहून ठेवला. मनातल्या मनात आपण सगळेच लांब पल्ल्याचे प्रवासी असतो. वहीने मात्र सांगितले की एकतीस दिवसांत दोनच दिवस माझी धाव दीडशे किलोमीटरच्या पुढे गेली होती आणि उरलेल्या दिवसांत ती पन्नासच्या आसपास घुटमळत होती. १०० किलोमीटरला १५ युनिटे असा शहरातला खर्च धरला, तर पन्नास किलोमीटरला साडेसात युनिटे लागतात. त्यासाठी ४५ असोत वा ६०, दोन्ही बॅटऱ्या भरपूर आहेत. मोठी बॅटरी घेण्याचे कारण मग त्या दोन दिवसांत शोधावे लागते, आणि ते तिथे सापडतही असे, म्हणूनच मी इतके दिवस अडलो होतो.

आता ज्या एका कटकटीने माझा निर्णय लावला, तिच्याकडे येतो. एनएमसी बॅटरी भरलेल्या अवस्थेत फार वेळ राहिली तर लवकर जुनी होते, म्हणून अशा गाड्यांचे उत्पादक साधारणपणे रोजच्या वापरासाठी ८० टक्क्यांच्या आसपासच चार्ज करायला सांगतात आणि पूर्ण चार्ज लांबच्या प्रवासाआधी करावा असे सुचवतात. बंधूंच्या गाडीत ही मर्यादा ठरवण्यासाठी स्क्रीनवर मेनूच्या तिसऱ्या पातळीत एक आडवी पट्टी होती, आणि तिच्यावरचा ठिपका बोटाने सरकवावा लागे. पट्टी ८० वर होती. पहिल्याच आठवड्यात मला पहाटे निघून २८० किलोमीटरवर पोहोचायचे होते. आदल्या रात्री केबल लावली, लाल दिव्याचा हिरवा झालेला पाहिला आणि निश्चिंत झोपलो. पहाटे पाच वाजता गाडीत बसलो तेव्हा स्क्रीनवर ‘चार्जिंग पूर्ण’ अशी ठसठशीत अक्षरे होती आणि त्यांच्या खाली आकडा होता ८०.

पूर्ण चार्जवर तो प्रवास न थांबता झाला असता. महामार्गावर १०० किलोमीटरला १८ युनिटे धरली आणि तळाची दहा टक्के राखून ठेवली, तर भरलेली ६० युनिटांची बॅटरी तीनशे किलोमीटर नेते. ८० टक्क्यांवर तोच हिशेब जेमतेम २३३ वर येतो. मला वाटेत थांबावे लागले, तिथे माझ्या आधी एक गाडी लागलेली होती, आणि मोठ्या बॅटरीचा एकमेव फायदा उचलण्याच्या दिवशी मी पंचवीस मिनिटे दुसऱ्याच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत बसलो. परत येताना धडा घेऊन पट्टी १०० वर नेली, आणि घरी आल्यावर ती खाली आणायला विसरलो. त्यानंतर कामाच्या गडबडीत गाडी नऊ दिवस काठोकाठ भरलेली तशीच उभी राहिली. नऊ दिवसांनी तिचे काही बिघडले असेल असे मला वाटत नाही, पण दुसऱ्याची गाडी असल्यामुळे जीव टांगणीला लागला एवढे खरे. काही गाड्यांत एका प्रवासापुरतीच मर्यादा वाढवण्याची सोय असते असे म्हणतात. ती असेल तर ही तक्रार अर्धी समजावी.

तक्रारीचा दुसरा अर्धा भाग हिशेबाचा आहे. ६० युनिटांची ८० टक्के म्हणजे ४८. एलएफपी बॅटरीच्या बाबतीत उत्पादक सहसा आठवड्यातून एकदा तरी पूर्ण चार्ज करायला सांगतात, म्हणजे माझ्या गाडीत ४५ ची ४५ युनिटे निःशंकपणे वापरता येतात. शोरूममध्ये दिसणारा १५ युनिटांचा फरक घरी आल्यावर रोजच्या व्यवहारात ३ युनिटांचा उरतो, म्हणजे सुमारे वीस किलोमीटरचा. तीन खोल्यांचे घर घेऊन त्यातली एक खोली सणासुदीपुरती उघडायची आणि एरवी कुलूपबंद ठेवायची, तसा हा प्रकार मला वाटू लागला. पूर्ण भरून ठेवल्याने एलएफपी अजिबात झिजत नाही असे कोणी समजू नये. झिजते, पण त्यासाठी रोज पट्टीशी खेळत बसावे लागत नाही.

माझ्या गाडीचेही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एलएफपीचा व्होल्टेज चार्जच्या मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे बॅटरीत नेमके किती उरले आहे याचा अंदाज बांधणे गाडीच्या संगणकाला अवघड जाते. मधेमधे पूर्ण चार्ज झाला नाही तर त्याचा हिशेब घसरत जातो. पहिल्या पावसाळ्यात मी तीन आठवडे कंटाळा करून अर्धवट चार्जवर गाडी चालवली. एका संध्याकाळी स्क्रीनवर १७ टक्के दिसत होते, पुढच्या वळणावर ९ झाले आणि घरी पोहोचेपर्यंत मी एसी बंद करून, खिडकीची काच खाली करून बसलो होतो. तेव्हापासून शनिवारी रात्री गाडी १०० पर्यंत भरायची हा नेम आहे आणि तसे पुन्हा घडलेले नाही. थंडीत एलएफपीचे फास्ट चार्जिंग अधिक मंदावते हा दुसरा दोष; ज्यांच्याकडे वर्षातले चार-पाच महिने पारा शून्याच्या आसपास असतो, त्यांनी माझा सल्ला थोडा बाजूला ठेवावा आणि हीट पंप, म्हणजे कमी विजेत गाडी उबदार ठेवणारी यंत्रणा, असलेली गाडी आधी पाहावी.

लांबच्या प्रवासात मोठी बॅटरी सरस ठरते यात वाद नाही. प्रश्न एवढाच, किती सरस? ४०० किलोमीटरला वरच्याच दराने ७२ युनिटे लागतात. मोठ्या गाडीला पूर्ण चार्जनंतर वाटेत १८ युनिटांची भर पुरते, म्हणजे पाय मोकळे करण्याइतका थांबा. माझ्या गाडीला साडेएकतीस युनिटांची भर लागते. कागदावर ती दहा ते ऐंशी टक्क्यांच्या एकाच थांब्यात तंतोतंत बसते, पण असा काठावरचा हिशेब प्रत्यक्षात कोणी करत नाही आणि मीही दोनदा थांबतो. एकूण फरक अर्ध्या तासाचा पडतो असा माझा अनुभव आहे. ज्यांना असा प्रवास दर आठवड्याला करावा लागतो त्यांच्यासाठी हा अर्धा तास मोठा आहे. वर्षातून सहा वेळा करणाऱ्यांनी तीन तासांची ती वार्षिक बचत आणि दरमहाचा वाढीव हप्ता शेजारी शेजारी मांडून पाहावेत. वेग थोडा आवरला तर हा फरकही आकसतो, कारण हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो.

पैसे वाचवायचेच असे मी म्हणत नाही. वाचलेल्यातले काही मी गाडीवरच घातले, आणि त्यातला सर्वांत समाधानाचा खर्च म्हणजे घरी बसवलेला ७.४ किलोवॅटचा चार्जर. साध्या प्लगवर सुमारे अडीच किलोवॅटने ४५ युनिटे भरायला अठरा तासांहून अधिक लागतात, तेच काम आता रात्री झोपून उठेपर्यंत होते. त्यासाठी गाडीत बसवलेला ऑनबोर्ड चार्जरही तेवढ्या क्षमतेचा असावा लागतो, आणि स्वस्त व्हेरिएंटमध्ये नेमकी इथेच कात्री लागलेली असू शकते. तेव्हा माहितीपत्रकातली ही ओळ रेंजच्या आकड्याआधी वाचावी. बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था आहे का, हेही विचारावे. २०१० मध्ये आलेल्या निसान लीफमध्ये ती नव्हती आणि उष्ण प्रदेशांतल्या अनेक मालकांना बॅटरीची क्षमता लवकर घटल्याचा अनुभव आला होता. या दोन बाबींसाठी वरचे व्हेरिएंट घ्यावे लागले तर मी बिनतक्रार घेईन. मोठी चाके दिसायला रुबाबदार असली तरी रेंज खातात. काचेच्या छताबद्दल आणि स्क्रीनच्या इंचांबद्दल मला काही म्हणायचे नाही.

‘पुढे उपयोगी पडेल म्हणून आत्ताच मोठी घे’ हा सल्ला मला बऱ्याच जणांनी आपुलकीने दिला. इतर वस्तूंच्या बाबतीत तो शहाणपणाचा असेलही, पण बॅटरीची युनिटमागची किंमत २०१० नंतरच्या दीड दशकात सुमारे नऊ-दशांशाने घटली आहे. अशा मालाचा साठा आजच्या भावाने करून ठेवणे मला पटले नाही. वॉरंटीच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंना उन्नीस-बीस फरक असतो: आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आणि सत्तर टक्के क्षमता, ही अट बऱ्याच कंपन्यांकडे आढळते.

ज्यांना घरी किंवा कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय नाही, त्यांनी मात्र मोठीच बॅटरी घ्यावी असे मी म्हणेन. आठवड्यातून एकदा सार्वजनिक चार्जरवर जाणे आणि दोनदा जाणे यांतला त्रास रेंजच्या आकड्यांत दिसत नाही. मागे ट्रेलर जोडणाऱ्यांनाही तेच लागू आहे.

बंधू परतले तेव्हा किल्ली देताना मी त्या आडव्या पट्टीची कहाणी त्यांना सांगितली आणि नऊ दिवसांबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. ते थोडे बुचकळ्यात पडले. मग गाडीत बसून त्यांनी मला विचारून विचारून तो तिसऱ्या पातळीतला मेनू शोधला आणि म्हणाले, “अरे, हे असते होय इथे? मी तर वर्षभर याला हातच लावलेला नाही.” त्या वर्षात ते तीनदा लांबच्या प्रवासाला गेले होते, आणि तिन्ही वेळा ८० टक्क्यांवर घरून निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ४५ युनिटांच्या गाडीचे बुकिंग केले.