कारखाना वाचवायचा की कामगार? स्वस्त परदेशी मालावरच्या उपायांची तुलना

तिकडे मजुरी कमी, म्हणून माल स्वस्त. माल स्वस्त, म्हणून इकडचे कारखाने बंद. तेव्हा आयातीवर शुल्क लावा. हा युक्तिवाद एका दमात सांगून होतो आणि तेच त्याचं बळ आहे. उलट बाजूचं म्हणणं जरा लांबतं: स्वस्त मालामुळे सगळ्यांच्याच खिशात चार पैसे उरतात, ते दुसरीकडे खर्च होतात, तिथे नव्या नोकऱ्या निघतात. हेही खरं आहे, पण बावन्नाव्या वर्षी ज्याच्या कारखान्याला टाळं लागलं, त्याला ते ऐकवून पाहा.

तुम्हाला या वादात बाजू घ्यायची असेल, मग ते मत द्यायला असो, कामगार संघटनेचं निवेदन लिहायला असो की व्यासपीठावर बोलायला, तर निवड प्रत्यक्षात तीन उपायांमधली असते. आयात शुल्क किंवा कोटा लावणं हा पहिला. बाजार उघडा ठेवून नोकरी गेलेल्याला आधार देणं हा दुसरा. उद्योगालाच सरकारी पैसा देणं हा तिसरा. खालची बरीचशी उदाहरणं अमेरिकेतली आहेत, कारण तिथे तिन्ही करून झाले आहेत आणि त्यांचा हिशोबही मांडला गेला आहे.

आधी निदान

उपाय निवडण्याआधी एक गोष्ट तपासा: नोकऱ्या नेमक्या कशाने गेल्या?

अमेरिकेतल्या पोलाद उद्योगाचं उदाहरण घ्या. १९६२ ते २००५ या काळात तिथले सुमारे ७५ टक्के कामगार, म्हणजे जवळपास चार लाख माणसं, कमी झाली. गावोगावी याचा दोष परदेशी पोलादाला दिला गेला. पण २००५ मध्ये तिथल्या गिरण्यांतून बाहेर पडणारं पोलाद १९६२ इतकंच होतं. तेवढाच माल एक चतुर्थांश माणसांत निघू लागला होता. विजेच्या भट्टीत भंगार वितळवणाऱ्या लहान गिरण्यांचा यात मोठा हात होता. त्यांना जुन्या कारखान्यांइतकी माणसं लागतच नाहीत. अशा ठिकाणी शुल्क लावलं तर पोलादाचा भाव वाढेल, पण गेलेले चार लाख परत येणार नाहीत.

फर्निचर, खेळणी आणि कपड्यांची गोष्ट वेगळी. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. २००० साली अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ७० लाख माणसं कामाला होती, २०१० च्या सुरुवातीला ती सुमारे १ कोटी १५ लाखांवर आली. ही सगळी घट चीनच्या माथी मारणं चूक आहे. त्यात यंत्रं आहेत आणि २००८ ची मंदीही आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे गेलेल्या नोकऱ्यांचा अंदाज २० ते २४ लाख असा बांधला, तोही कारखान्यांबाहेरच्या नोकऱ्या धरून.

हा आकडा दोन्ही बाजू वापरतात. एक म्हणतो, चोवीस लाख संसार! दुसरा म्हणतो, एवढ्या मोठ्या देशात बारा वर्षांत चोवीस लाख म्हणजे किती? दोघांच्याही नजरेतून सुटतं ते हे की हा फटका देशभर सारखा पसरलेला नव्हता. तो नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यांतल्या एकाच धंद्यावर जगणाऱ्या गावांवर एकवटला होता. अर्थशास्त्रज्ञांचा जुना विश्वास असा की अशा ठिकाणची माणसं उठून काम आहे तिथे जातात. बरीचशी गेलीच नाहीत. घर विकलं जाईना, नातलग तिथेच, आणि येत असलेलं कसब तेवढंच.

म्हणून निदानाची ढोबळ कसोटी अशी: देशातलं उत्पादन टिकून असताना नोकऱ्या घटल्या असतील तर आधी यंत्रांकडे पाहा. उत्पादनही घटलं आणि बाजारातला आयातीचा वाटा वाढला, तर आयातीवरचा आरोप धरून चालायला हरकत नाही. कोणत्याही वक्त्याकडे हे दोन आकडे मागा. बरेच वक्ते इथेच अडतात.

कमी मजुरी हा गुन्हा आहे का?

या वादातला सर्वांत तापणारा मुद्दा हाच, आणि सर्वांत ढिसाळपणे मांडला जाणाराही. माल स्वस्त होतो तो नुसत्या कमी पगाराने नव्हे. एका तासाच्या पगारात किती माल निघतो, यावर ते ठरतं. नुसत्या पगारावर भागलं असतं तर जगातले सर्वांत गरीब देश जगाचे कारखाने झाले असते, आणि जर्मनीला एकही यंत्र परदेशात विकता आलं नसतं. चीनमधले पगार या शतकात कित्येक पटींनी वाढले. तरी जगाच्या कारखानदारीतला त्याचा वाटा आज तीस टक्क्यांच्या आसपास आहे. वीज, बंदर, सुट्या भागांचे शेकडो पुरवठादार एकाच पट्ट्यात असणं, हे सगळं पगाराच्या जोडीला येतं.

मग तक्रार पूर्ण खोटी का? तसंही नाही. गरीब देशातला कामगार कमी पगारात काम करतो ही फसवणूक नाही. पण संघटना बांधू न देता, चलन मुद्दाम स्वस्त ठेवून किंवा इमारत कोसळेल हे दिसत असतानाही माणसांना आत पाठवून तो पगार दाबला जात असेल, तर आक्षेपाला वजन येतं. चीनने २००५ च्या जुलैपर्यंत जवळपास दहा वर्षं आपलं चलन, युआन, एका डॉलरला सुमारे ८.२८ वर बांधून ठेवलं होतं. बांगलादेशात २०१३ मध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली तेव्हा ११०० हून अधिक माणसं गेली. तडे आदल्या दिवशीच दिसले होते.

अशा आक्षेपाला सरसकट शुल्क हे उत्तर नव्हे, कारण ते चांगल्या आणि वाईट कारखान्याला एकाच मापाने मोजतं. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यात २०२० पासून लागू झालेल्या करारात एक नेमकी अट आहे: गाडी शुल्काविना सीमापार जायची असेल तर तिच्या मूल्याचा ४० ते ४५ टक्के भाग ताशी किमान १६ डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या हातून झालेला असावा. या सगळ्या वादातली ही सर्वांत चलाख तरतूद आहे, असं मला वाटतं. वरून ती मेक्सिकन कामगाराच्या बाजूची दिसते. आतून ती काम उत्तरेत धरून ठेवते, कारण मेक्सिकोत तेवढा पगार फारसा कोणी देत नाही. शिवाय करार झाला तेव्हा अमेरिकेतलं मोटारींवरचं साधं शुल्क अवघं २.५ टक्के होतं. अट पाळण्यापेक्षा ते भरून मोकळं होणं काही कंपन्यांना परवडण्यासारखं होतं. त्याच करारातली दुसरी सोय मला जास्त कामाची वाटते: एखाद्या विशिष्ट कारखान्यात संघटनेचा हक्क डावलला तर त्या कारखान्यापुरती तक्रार करता येते.

शुल्क: एका नोकरीची किंमत

२०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेने आयात होणाऱ्या धुलाई यंत्रांवर कोट्यापलीकडे ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. यंत्रांच्या किमती सुमारे १२ टक्के वाढल्या. गंमत म्हणजे कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर शुल्क नव्हतं, तरी त्यांच्याही किमती जवळपास तेवढ्याच वाढल्या, कारण लोक दोन्ही जोडीने घेतात आणि हे दुकानदारांना चांगलं ठाऊक असतं. अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेला हिशोब असा: नव्या नोकऱ्या सुमारे १८००, ग्राहकांवर वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलरचा बोजा, म्हणजे शुल्कातून मिळालेला महसूल वजा करूनही एका नोकरीमागे सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर. २००९ मध्ये चिनी टायरांवर ३५ टक्क्यांपासून सुरू होणारं शुल्क बसलं होतं. तिथे हा आकडा ९ लाख डॉलरच्या घरात गेला, आणि चिनी टायरांची जागा बऱ्याच अंशी इतर देशांच्या टायरांनी घेतली.

त्यात प्रत्युत्तराचा खर्च मिळवा. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं, आणि शेतकऱ्यांना सावरायला अमेरिकी सरकारने दोन वर्षांत मिळून २८ अब्ज डॉलरपर्यंतच्या मदतीच्या योजना काढल्या. कारखान्यातला कामगार वाचवताना शेतातला माणूस सरकारी मदतीवर आला.

इतकं वाचून शुल्काचा विचार मोडीत काढायचा मोह होईल. थांबा. ‘एका नोकरीमागे आठ लाख’ या हिशोबात फक्त ग्राहकाचा खर्च आणि मोजता येणारी नोकरी असते. बंद पडलेल्या गावाची किंमत त्यात नसते. आणि शुल्काच्या बाजूचे दोन दाखले खरोखर विचार करायला लावतात. १९८१ मध्ये जपानने अमेरिकी दबावाखाली मोटारींची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर मर्यादित केली. गाड्या महागल्या हे खरं, पण जपानी कंपन्या अमेरिकेतच कारखाने काढायला धावल्या आणि ते कारखाने आजही चालू आहेत. दुसरा दाखला हार्ले-डेव्हिडसनचा. १९८३ मध्ये मोठ्या मोटारसायकलींवरचं शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेलं, ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार हे आधीच ठरवून. कंपनीने या अवधीत उत्पादनाची पद्धत सुधारली आणि १९८७ मध्ये मुदतीआधीच संरक्षण काढून घ्या म्हणाली. संशयी लोक सांगतात की शुल्क ७०० सीसीच्या वरच्या गाड्यांना होतं, तेव्हा जपान्यांनी ६९९ सीसीच्या काढल्या. मग शुल्काचा कितीसा उपयोग झाला? रास्त शंका आहे. पण उतरती पट्टी आणि शेवटची तारीख यांचं महत्त्व त्याने कमी होत नाही.

शेवटची तारीख नसेल तर काय होतं, ते कापड उद्योग सांगतो. १९६१ मध्ये श्रीमंत देशांनी सुती कापडाच्या आयातीवर एक करार केला. तो ‘अल्पमुदतीचा’ होता. पुढच्याच वर्षी ‘दीर्घमुदतीचा’ आला, १९७४ मध्ये त्याचा विस्तार झाला, आणि कोटे पूर्णपणे उठले २००४ च्या अखेरीस. चार दशकांहून जास्त काळ भिंत उभी होती आणि तिच्या आडोशाला नोकऱ्या घटतच राहिल्या.

खुला बाजार आणि आधार: कागदावर सर्वांत छान

दुसऱ्या उपायाचं तर्कशास्त्र निर्दोष आहे. व्यापाराने एकूण फायदा होतो, त्यातला थोडा बाजूला काढून ज्यांचं नुकसान झालं त्यांना द्या. अमेरिकेने यासाठी १९६२ मध्येच योजना केली: आयातीमुळे नोकरी गेली तर भत्ता आणि फेरप्रशिक्षण. प्रत्यक्षात चीनच्या लाटेत सापडलेल्या भागांत या योजनेचा पैसा किरकोळ पोहोचला. त्याहून कितीतरी जास्त पैसा अपंगत्वाच्या भत्त्यातून आणि वैद्यकीय मदतीतून गेला. म्हणजे लोक कामावर परतले नाहीत, कामाच्या जगातूनच बाहेर पडले. आणि २०२२ च्या जुलैत या योजनेची मुदत संपली, नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. खुल्या व्यापाराच्या समर्थकांनी ‘भरपाई देऊ’ म्हणायचं आणि भरपाईची वेळ आली की कोणी जागेवर नसायचं, ही तक्रार मला पूर्ण न्याय्य वाटते.

डेन्मार्कमध्ये हे जमतं. तिथे मालकाला माणूस काढणं सोपं आहे, पण बेकारी भत्ता आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत, वरच्या मर्यादेसह, साधारण दोन वर्षं मिळतो. नवं काम शोधून देण्यावर सरकार भरपूर खर्च करतं. त्यासाठी कर जबर आहेत आणि कामगार संघटना बलवान आहेत. या दोन गोष्टी नसलेल्या देशाने डेन्मार्कचं नाव घेऊन नुसती माणसं काढण्याची मुभा द्यायची, हा प्रकार होऊ शकतो. त्याच्यावर लक्ष ठेवा.

जर्मनीची कामाचे तास घटवण्याची योजना, ज्यात बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मुलंबाळं असतील तर ६७ टक्के रक्कम सरकारी निधीतून मिळते, तिचंही नाव इथे घेतलं जातं. मंदीत ती उत्तम. २००९ मध्ये सुमारे १५ लाख कामगार तिच्यावर तरले. पण धंदाच कायमचा परदेशी गेला असेल तर ती फक्त दिवस ढकलते.

मला यातला पटणारा उपाय पगाराच्या विम्याचा आहे. अमेरिकेतल्या त्याच योजनेत पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी एक सोय होती: नवं काम कमी पगाराचं असलं तरी ते धरा, फरकाची निम्मी रक्कम दोन वर्षं सरकार देईल, एकूण १० हजार डॉलरपर्यंत. पन्नाशीतल्या माणसाला वर्गात बसवून संगणक शिकवण्यापेक्षा हे सरळ आहे, आणि ज्यांना ते मिळालं ती माणसं लवकर कामाला लागली, असं अभ्यासात दिसलं.

सरकारी पैसा

तिसऱ्या उपायावर थोडक्यात. २०२२ च्या कायद्याने अमेरिकेने चिप कारखान्यांना ३९ अब्ज डॉलरचं प्रोत्साहन ठेवलं. याची बाजू घ्यायची तर सुरक्षेच्या आणि पुरवठ्याच्या मुद्द्यावर घ्या. चिपच्या कारखान्यात अब्जावधी ओतले जातात आणि माणसं काही हजार लागतात. रोजगार हे त्याचं कारण म्हणून सांगणं टिकत नाही. शिवाय एकाने अनुदान दिलं की दुसरा शुल्क लावतो. युरोपीय संघाने २०२४ च्या ऑक्टोबरात चिनी विद्युत मोटारींवर नेहमीच्या १० टक्क्यांवर ३५.३ टक्क्यांपर्यंत जादा शुल्क बसवलं, ते याच कारणाने.

मग कोणती बाजू?

तुमचा कारखाना पोलाद, सुटे भाग किंवा सूत विकत घेऊन पुढचा माल करत असेल, तर कच्च्या मालावरचं शुल्क तुमच्या कामगारांच्या विरोधात जातं. पोलाद वापरणाऱ्या उद्योगांत पोलाद बनवणाऱ्यांहून कितीतरी पट माणसं असतात. तुमचा धंदा आयातीने खरोखर बुडत असेल आणि नव्या यंत्रांनी सावरण्यासारखा असेल, तर हार्लेसारखं उतरतं, तारखेसह शुल्क मागा, आणि त्या बदल्यात किती गुंतवणूक करणार हे मालकाकडून लिहून घ्या. धंदा सावरण्यासारखाच नसेल तर शुल्कासाठी झगडण्यात संघटनेची ताकद वाया जाते. तीच ताकद पगाराच्या विम्यासाठी, निवृत्तिवेतन शाबूत राहावं यासाठी आणि गावात दुसरा उद्योग यावा यासाठी लावलेली बरी.

आणि फक्त ग्राहक म्हणून मत देणार असाल तर खुला बाजार तुमच्या सोयीचा आहे. मात्र त्याची बाजू घेताना कामगारांच्या भरपाईची तरतूद त्याच विधेयकात, रकमेसह आहे का, ते पाहा. ‘नंतर करू’ असं लिहिलं असेल तर मी विरोधात मत देईन.