दीनदयाळ कार्ड गोव्यातल्या घराला कुठवर पुरते?

इस्पितळाचा खर्च ठरावीक रकमेपर्यंत उचलणाऱ्या, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड काढावे का? काढावेच, आणि मुदत संपू देऊ नये. पण कार्ड घरात आले म्हणून चालू असलेली आरोग्य विमा पॉलिसी बंद करू नये. या दोन गोष्टींचे काम वेगळे आहे, आणि हा फरक बिलाच्या काउंटरवर कळला तर उशीर झालेला असतो.

२०१६ मध्ये ही योजना आली तेव्हा तिने एक धाडसी गोष्ट केली: उत्पन्नाची अट ठेवली नाही. गोव्यात पाच वर्षे राहिलेले कुठलेही कुटुंब पात्र. ज्यांना सरकारकडून वैद्यकीय खर्च वेगळा मिळतो ते सरकारी कर्मचारी तेवढे बाहेर. तीन किंवा कमी माणसांच्या घराला वर्षाला अडीच लाख रुपयांचे संरक्षण, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. नोंदणीची रक्कम सुरुवातीला अनुक्रमे २०० आणि ३०० रुपये होती. एवढ्या पैशात बाजारातली कुठलीच पॉलिसी मिळत नाही. शिवाय खासगी कंपनी ज्याचा अर्ज परत पाठवील, त्या मधुमेही किंवा हृदयरोगी माणसालाही इथे दार उघडे आहे. योजनेचा हा गुण मला सर्वात मोठा वाटतो.

आता मर्यादा. हे कार्ड बिलावर चालत नाही, प्रक्रियेच्या, म्हणजे यादीतल्या शस्त्रक्रियेच्या किंवा उपचाराच्या, नावावर चालते. सुरुवातीच्या यादीत ४४७ प्रक्रिया होत्या आणि प्रत्येकीचा दर, म्हणजे पॅकेज, ठरलेला होता. त्या दरात खाट, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, औषधे असे सगळे धरलेले असते. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर ही पद्धत उत्तम, कारण आकडा आधीच माहीत असतो आणि तो फुगवायला कुणाला वाव नसतो. पण ताप उतरेना म्हणून दाखल केलेल्या माणसाचे निदान पहिल्या दिवशी ठरलेले नसते. नावच नाही तर पॅकेज कुठले लावणार? त्यात तपासण्या आणि औषधे मिळून बिल वाढत जाते. दुसरी अडचण अशी, की ज्या प्रक्रियेचा ठरलेला दर खासगी इस्पितळाला परवडत नाही, तिथे ‘कार्ड घेतो, पण वरचा फरक भरा’ अशी भाषा सुरू होते. म्हणून दाखल होण्याआधी योजनेच्या खिडकीवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: डॉक्टरने लिहिलेल्या प्रक्रियेचे यादीतले नेमके नाव काय, ती याच इस्पितळात मंजूर आहे का, आणि रुग्णाने खिशातून काही भरायचे आहे का. इस्पितळाचे नाव यादीत असले म्हणजे त्याचा प्रत्येक विभाग यादीत असेल असे नाही. पैसे मागितले तर कशाचे, ते लेखी मागावे. लेखी मागितले की बऱ्याचदा मागणी खाली येते.

बहुतेक अडचणी मात्र याहून साध्या असतात. कार्डाचे नूतनीकरण राहिलेले असते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे किंवा नव्या बाळाचे नाव चढवलेले नसते. घरात आता चार माणसे असतात, पण नोंदणी तिघांचीच असल्याने संरक्षण अडीच लाखांवरच राहिलेले असते. आधारवर एक आडनाव आणि कार्डावर दुसरे, हे तर गोव्यात नेहमीचे: पोर्तुगीज काळातल्या नोंदी, देवनागरी आणि रोमी स्पेलिंग, आडनावाऐवजी गावाचे नाव. हे सगळे माणूस धडधाकट असताना दुरुस्त करायचे असते. चतुर्थीच्या आधी घर आवरताना कार्डही बाहेर काढून मुदत, नावे आणि स्पेलिंग तपासावे.

कार्डाचा सर्वात मोठा आधार अजूनही बांबोळीलाच, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात (गोमेकॉत), आहे. गोवेकरांसाठी गोमेकॉ हे स्वस्तातले दुसऱ्या दर्जाचे इस्पितळ नाही; अवघड केसेस शेवटी तिथेच येतात. छातीत कळ आल्यावर खासगी इस्पितळ शोधत फिरण्यापेक्षा १०८ ला फोन करावा. राज्याच्या स्टेमी प्रकल्पात, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यावर तातडीने उपचार करण्याच्या योजनेत, गावाजवळच्या सरकारी केंद्रातच ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात आणि मग पुढे पाठवतात. काणकोण किंवा पेडण्याच्या माणसासाठी वाचलेला तो तास कुठल्याही विम्यापेक्षा मोलाचा आहे.

धोरणाने खर्च कसा उतरतो, हे हृदयरोगातच स्वच्छ दिसते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध दर प्राधिकरणाने स्टेंटच्या, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या, किमतीला छत घातले. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये, वर कर. त्याआधी लेपवाल्या स्टेंटसाठी लाखाच्या पुढे मोजावे लागत. त्यानंतर हे दर सुधारले गेले आहेत, पण छत कायम आहे. स्टेंटची किंमत, ब्रँड आणि बॅच क्रमांक बिलात वेगळा दाखवणे बंधनकारक आहे. ‘अँजिओप्लास्टी पॅकेज’ असा एकच आकडा आला तर ते बिल परत करून फोड मागा.

घरात सत्तरी गाठलेले कुणी असेल तर केंद्राच्या आयुष्मान योजनेचे वय वंदना कार्ड वेगळे काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरील प्रत्येकजण, उत्पन्न कितीही असो, पात्र; वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण घरात असे दोघे असतील तर दोघांत मिळून. वय आधारवरून धरतात आणि जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ (त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) नाही. खासगी पॉलिसी असली तरी चालते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल तर दोहोंतले एक निवडावे लागते. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या यात येत नाहीत. दीनदयाळची आणि आयुष्मानची इस्पितळांची यादी एकच समजू नका, दोन्ही तपासा.

यानंतर खासगी पॉलिसी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. २०,००० रुपयांच्या मूळ प्रीमियमवर पूर्वी ३,६०० कर लागायचा, आता शून्य. नोकरीतल्या कंपनीमार्फतच्या गट विम्याला ही सूट नाही. नूतनीकरणाच्या वेळी गेल्या वर्षीच्या पावतीवरचा मूळ प्रीमियम शेजारी ठेवून पाहा. कर गेला आणि मूळ रक्कम तेवढीच चढली, तर बचत तुमच्या हातात आलीच नाही.

पॉलिसीत सर्वात जास्त घात करते ती खोलीभाड्याची मर्यादा. उदाहरण म्हणून आरोग्य संजीवनी ही सारख्या अटींची प्रमाणित पॉलिसी पाहा: खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त ५,००० रुपये रोज, आणि मान्य रकमेतले ५ टक्के तुम्ही भरायचे. दोन लाखांच्या पॉलिसीवर मर्यादा पडली ४,००० ची. रुग्णाने ८,००० ची खोली घेतली, तीन दिवस. खोलीचे २४,०००, डॉक्टर-शस्त्रक्रियागृह ८०,०००, औषधे आणि तपासण्या ४०,०००, एकूण १,४४,०००. खोली दुप्पट दराची, म्हणून खोलीचेच नव्हे तर डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाचेही निम्मेच मान्य होतात. औषधे आणि तपासण्या या कपातीत येत नाहीत. हिशेब १२,००० + ४०,००० + ४०,००० = ९२,०००, त्यातून ५ टक्के वजा, हातात ८७,४००. उरलेले ५६,६०० खिशातून, आणि ५,००० च्या वरच्या खोलीवरचा ५ टक्के जीएसटी १,२०० वेगळा. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडते, पण तीच घ्यावी. तीच परवडत नसेल तर मर्यादेत बसेल तीच खोली घ्यावी, जनरल वॉर्ड असला तरी.

जुना आजार अर्जात लपवू नका. एप्रिल २०२४ पासून त्याचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पॉलिसी मध्ये तुटली तर ही वर्षे वाया जाऊ शकतात.

कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने थेट इस्पितळाला भरण्याच्या, विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची, असा विमा नियामकाचा मे २०२४ चा आदेश आहे. उशिरामुळे इस्पितळाने जास्तीचे काही लावले तर ते कंपनीने सोसायचे. म्हणून इस्पितळाने अंतिम बिल कंपनीकडे कधी पाठवले ती वेळ काउंटरवर विचारून लिहून ठेवा. क्लेम नाकारला तर पॉलिसीतले नेमके कलम सांगणारे पत्र मागा, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा, आणि तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.