कन्नमवार नगर की टिळक नगर? म्हाडाची रूम घेणाऱ्यांसाठी

माझं माहेर विक्रोळीचं कन्नमवार नगर आणि सासर चेंबूरचं टिळक नगर, त्यामुळे दोन्हींना नावं ठेवायचा हक्क मला आहे. दोन्ही कॉलन्या हाउसिंग बोर्डाच्या, म्हाडा आली १९७७ मध्ये, पण म्हातारी माणसं अजून बोर्डच म्हणतात.

प्रवासात टिळक नगर सरळ पुढे. हार्बरचं स्टेशन जवळ, कुर्ला टर्मिनस चालत आणि २०१४ पासून लिंक रोडने सांताक्रूझकडे जाणंही सोपं, फक्त मे महिन्यात गावाला निघालेली बोचकी आणि न थांबणाऱ्या रिक्षा सहन करायची तयारी ठेवा. विक्रोळीला स्लो लोकलच थांबते, स्टेशनवरून हायवे ओलांडून यायचं, आणि पूर्व-पश्चिम पुलासाठी २०२५ उजाडलं, तोवर वेस्टला जायचं म्हणजे वळसा. खाडी जवळ म्हणून वारा मस्त, डासही मस्त.

पण राहायला? मला विचाराल तर कन्नमवार. तिकडे टॉवर आलेत तरी बुटक्या बिल्डिंगा अजून आहेत, आई तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून सोडते, खाली भाजीवाला दोन जुड्या टाकतो आणि पैसे नंतर, कधीतरी. पावसाळ्यात गच्ची गळते, निळी ताडपत्री लागते, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी तळमजलाच बघावा. टिळक नगरात बरंचसं रिडेव्हलप झालंय. आम्ही चौदाव्या मजल्यावर, पाणी, लिफ्ट, पार्किंग सगळं आहे, पण शेजारच्यांचं आडनाव मला पार्सलवर वाचून कळलं. मेंटेनन्सही जुन्या बिल्डिंगीच्या कितीतरी पट, हा हिशोब लोक शेवटी करतात.

जुनी रूम रिडेव्हलपमेंटच्या आशेने घेत असाल तर थांबा जरा. बिल्डिंग पाडल्यावर दुसरीकडे राहायचं भाडं बिल्डर देतो, आमच्या बिल्डरने मध्ये अकरा महिने ते दिलंच नाही, सासऱ्यांनी पेन्शनमधून भाडं भरलं. त्यामुळे ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, मिळालेला फ्लॅट महाग वाटला तरी झोप लागते. आणि रूम कुठलीही असो, नुसत्या पॉवर ऑफ अटर्नीवर पैसे देऊ नका, म्हाडाच्या रेकॉर्डला कोणाचं नाव आहे ते आधी बघा, आईची रूम अजून आजोबांच्या नावावर आहे आणि तीन मामांच्या सह्या एका कागदावर यायच्यात. म्हाडाच्या लॉटरीतली असेल तर विक्रीबंदीची मुदत संपलीय का तेही विचारा.

बघायला जायचंच तर रविवारी संध्याकाळी जा, दुपारी एजंट नेतो तेव्हा दोन्हीकडे शांतच असतं.