एनपीटीईएल: शिकणे फुकट, टिकणे अवघड

आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे अभ्यासक्रम आता ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर मिळतात. त्यांतला प्रोग्रॅमिंगचा बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. व्याख्याने आणि दर आठवड्याचा स्वाध्याय यांना एक पैसा पडत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते आणि एकूण गुणांपैकी ७५ टक्के तिलाच असल्यामुळे त्या कागदाला वजन येते. रिकर्शन, म्हणजे प्रोग्रॅमच्या एखाद्या भागाने स्वतःलाच पुन्हा बोलावणे, काही केल्या डोक्यात शिरेना, तेव्हा प्राध्यापकांनी काढलेली आकृती मी थांबवत थांबवत चारदा पाहिली. भर वर्गात ‘सर, पुन्हा सांगा’ असे चारदा म्हणण्याची माझी छाती झाली नसती. मात्र हजारोंच्या या वर्गात तुम्ही आला नाहीत तर कोणी विचारतही नाही. नाव नोंदवणारे उदंड आणि शेवटपर्यंत पोहोचणारे मोजके, हे जगभरच्या अशा अभ्यासक्रमांचे दुखणे आहे. मीही याआधी दोनदा तिसऱ्याच आठवड्यात गळालो होतो. या खेपेस परीक्षेचे शुल्क आधीच भरले आणि एकही स्वाध्याय चुकवला नाही.