मुळं नसलेल्या सक्युलंट कटिंग्जचा मिक्स पॅक: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सक्युलंटचा, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांचा, हा पॅक मागच्या हिवाळ्यात ऑनलाइन मागवला होता, आता उन्हाळा आणि डोंबिवलीचा अख्खा पावसाळा दोन्ही झालेत म्हणून लिहितेय. माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडच्या दमट हवेत तयार रोपापेक्षा कटिंग घ्या, आणि ते फक्त स्वस्त पडतं म्हणून नाही.

नर्सरीतलं रोप बऱ्याचदा निव्वळ कोकोपीटमधे (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं. वरून कोरडं दिसतं पण आत मुळांपाशी ओला गोळा, जून-जुलैत तो वाळतच नाही आणि रोप बुडापासून काळं पडून मऊ होतं. तो गोळा सोडवायला जावं तर मुळं तुटतात. कटिंगला मुळं फुटतात तीच आपण कुंडीत भरलेल्या मिक्समधे, त्यामुळे ही भानगडच नाही. माझं मिक्स म्हणजे दोन भाग सिंडर, म्हणजे जळलेल्या कोळशाचे खडे (नाही मिळालं तर विटांचे बारीक तुकडे, धूळ चाळून), एक भाग परलाइट (पांढरे हलके दाणे), एक भाग कोकोपीट आणि गांडूळखत मिळून. पाणी ओतलं की लगेच खालून निघालं पाहिजे. कुंडी मातीची आणि लहानच.

पार्सल आल्या आल्या लावायचं नाही. कापलेली जागा सावलीत चार-पाच दिवस सुकू द्यायची, हात लावला की खरखरीत लागली पाहिजे, मग लावायचं आणि पाणी पुढच्या आठवड्यात.

पानांपासून रोपं करायची मजा सगळ्यात जास्त घोस्ट प्लांटमधे (राखाडी पानांचं, फुलासारखं दिसणारं सक्युलंट) आहे. पान बुडाशी धरून हळूच डावी-उजवीकडे हलवायचं, बूड अख्खं सुटून आलं पाहिजे, अर्धं तुटलं तर ते पान बहुतेक वाया जातं. पुरायचं नाही, मातीवर नुसतं ठेवायचं. काही आठवड्यांत बुडाशी गुलाबी मुळं दिसतात आणि मग तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू, त्यालाही पाकळ्यांसारखी पानं आलेली असतात, इतकं गोड दिसतं ना! जुनं पान सुरकुतलं म्हणून तोडू नका, पिल्लू त्याच्यावरच पोसलं जात असतं.

जेडही पानावरून होतं पण वेळ लागतो, फांदी लावलेली बरी. एलिफंट बुशला (जेडसारखंच, पण बारीक पानांचं) फांदीच लावा. आणि पिवळ्या किनारीच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर येणारं पिल्लू साधं हिरवं येतं, किनार हवी असेल तर गड्डा वेगळा करूनच लावायचा.

पावसाळ्यात सगळं छपराखाली पण उजेडात ठेवलं, पाणी फक्त पानं मऊ पडली की. जेड, घोस्ट प्लांट, एलिफंट बुश मस्त टिकले. एचेव्हेरिया (गुलाबाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या) मात्र बऱ्याच गेल्या, मूळच्या मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या त्या, गरम दमट रात्री त्यांना झेपत नाहीत. पिठ्या ढेकूण एकदा आला होता, पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं की इअरबड रबिंग स्पिरिटमधे बुडवून पुसून काढायचं आणि ती कुंडी बाजूला ठेवायची.

पॅकबद्दल तक्रार एकच, नावाच्या चिठ्ठ्या नव्हत्या, नवीन माणसाला कशाचं पान लावायचं आणि कशाची फांदी ते कळणार कसं? पॅकिंग चांगलं होतं, कोरड्या कागदात गुंडाळलेलं. परत घेईन, पण मिक्स पॅक नाही, नुसता जेड आणि घोस्ट प्लांटचा, आणि ऑक्टोबरचं ऊन उतरल्यावरच, एप्रिल-मेमधे बंद खोक्यात पानं शिजून येतात.